अडतीस क्विंटलची पट्टी: एका सोयाबीन हंगामाचा सरकारशी हिशेब

पट्टी, म्हणजे माल विकल्याची आडत्याची पावती, ऑक्टोबर २०२४ची आहे. दसरा होऊन आठवडा झाला होता, दिवाळी तोंडावर होती. लातूरच्या आडतीवर अण्णांनी, म्हणजे माझ्या थोरल्या भावानं, ३८ क्विंटल सोयाबीन घातलं. दर लागला ४,१५०. रक्कम १,५७,७००, खाली हमाली-तोलाईची वजावट. त्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव होता ४,८९२. क्विंटलमागं ७४२ रुपये कमी, म्हणजे ३८ क्विंटलला २८,१९६.

आमचं गाव औसा तालुक्यात. जमीन सामायिक, कसतात अण्णा. मी लातूरला दुकानदारांचे हिशेब लिहितो. त्यामुळं शेतीच्या कागदांशी माझा संबंध फक्त सहीपुरता यायचा. त्या वर्षी तो जास्त आला, कारण सरकारनं कापूस आणि सोयाबीनवाल्यांना हेक्टरी ५,००० रुपये जाहीर केले आणि सामायिक खातेदाराचं ना हरकत पत्र मागितलं. आधार, संमतीपत्र, ना हरकत. अण्णा ही पिशवी घेऊन लातूरला आले. सही करता करता मी पिशवीतले बाकीचे कागदही चाळले. पट्टी, खतवाल्याची बिलं, बँकेचं पासबुक, वहिनींच्या लाडकी बहीण अर्जाची झेरॉक्स, सगळं एकाच प्लास्टिकच्या पिशवीत होतं. सवयीनं मी कागदावर मधोमध रेघ मारली. डावीकडं सरकारकडून आलेलं, उजवीकडं गेलेलं. हे प्रकरण म्हणजे ती रेघ.

डावी बाजू सोपी होती, कारण तिची जाहिरात होते. पीएम किसानचे ६,००० आणि राज्याच्या नमो शेतकरी महासन्मानचे ६,०००, मिळून १२,०००. हेक्टरी ५,०००च्या हिशेबानं दोन हेक्टरच्या मर्यादेत १०,०००. वहिनींच्या खात्यात जुलैपासून नोव्हेंबरपर्यंतचे १,५००चे पाच हप्ते, ७,५००. बेरीज २९,५००.

म्हणजे बाजारात २८,१९६ गेले आणि खात्यात २९,५०० आले. वहिनी म्हणाल्या, “मग तेराशे रुपये वर आलेत की. बातमी द्या पेपरला.”

अण्णा हसले नाहीत. ते म्हणाले, “औषधाची बिलं धर आधी.”

ती धरली. तणनाशक आणि कीटकनाशकांची बिलं १५,०००ची, त्यावर १८ टक्के जीएसटी. किमतीतच धरलेला असतो म्हणून दिसत नाही, पण सोडवून काढला तर २,२८८ रुपये होतो. खतं १४,०००ची, त्यात ५ टक्क्यांचे ६६७. दुकानदार जीएसटी भरतो आणि पुढच्याकडून वसूल करतो. कारखानदाराला कच्च्या मालावर भरलेल्या कराची वजावट मिळते. शेतकरी स्वतः विकलेल्या मालावर जीएसटी लावत नाही, म्हणून त्याला वजावटही नाही. साखळीत शेवटी उभा राहणारा खरं तर ग्राहक असतो, पण औषधाच्या दुकानात ती जागा शेतकऱ्याची. “शेतकऱ्याला टॅक्स नाही” हे वाक्य मी स्वतः अनेकदा बोललोय. आता जपून बोलतो. डिझेलवरचा केंद्राचा आणि राज्याचा कर मी धरलाच नाही, कारण मळणीयंत्रवाला भाडं पोत्यावर घेतो आणि त्यात डिझेल किती ते सांगत नाही. तो सोडूनही तेराशेचा फायदा उलटून साडेसोळाशेचा तोटा झाला.

आता एक कबुली आधीच देतो. हमीभाव ही माझ्या लेखी पवित्र रेषा नाही. सरकारनं ठरवलेला आकडा तो, बाजारानं ठरवलेला नव्हे. इथं तो मापाला घेतला, कारण त्याच्या खाली शेतकऱ्याला परवडत नाही हे सरकारचंच म्हणणं आहे. सरकारच्याच तराजूत सरकारला तोलावं, एवढंच.

हमीभाव होता, मग तिथंच का घातलं नाही

शहरातल्या मित्रांचा हा पहिला प्रश्न असतो. उत्तर कंटाळवाणं आहे. खरेदी केंद्रावर आधी ऑनलाइन नोंदणी, मग एसएमएसची वाट, मग आपली पाळी. ओलावा १२ टक्क्यांच्या आत हवा. त्या साली काढणीच्या वेळी पावसानं पाठ सोडली नव्हती. गंजीवर ताडपत्री घालून ठेवलेलं सोयाबीन १२ टक्क्यांवर यायला ऊन लागतं आणि ऊन सरकारी वेळापत्रक पाळत नाही. केंद्रानं १५ टक्क्यांपर्यंतचा ओलावा चालवून घ्यायची सवलत दिली १५ नोव्हेंबरला. विधानसभेचं मतदान २० तारखेला होतं. अण्णांचं सोयाबीन तोवर तेलाच्या गिरणीत पोचलं होतं.

त्यांना थांबता आलं नसतं का? काढणीचं गुत्तं, म्हणजे ठरवून दिलेलं काम, रोख मागतं. हरभऱ्याची पेरणी डोक्यावर होती. बाजार समितीची शेतमाल तारण योजना आहे, माल ठेवून कर्ज मिळतं, पण माल कोरडा पाहिजे. पुन्हा तेच ऊन.

त्या हंगामात राज्यात ११ लाख टनांहून जास्त सोयाबीन हमीभावानं खरेदी झालं. देशात सगळ्यात जास्त. मुदत वाढवावी लागली, मध्ये बारदाना, म्हणजे रिकामी पोती, संपला म्हणून केंद्रं थांबली. ज्यांचं गेलं त्यांचं भलं झालं, यात वाद नाही. पण सरकारनं घेतलेलं हे सोयाबीन सरकार खात नाही. ते गोदामात जातं आणि पुढं लिलावात बाजारात येतं. गोदामात ढीग आहे हे गिरणीवाल्याला माहीत असतं, त्यामुळं तो घाई करत नाही. एकाला हमीभाव देताना शेजारच्याचा बाजार दबतो. हे कुणी मुद्दाम करत नाही, व्यवहारच तसा आहे.

भाव कुणी पाडला

इथं मला सावध राहायला हवं. बाजार मोकळा करा म्हणणारी माझ्या विचाराची माणसं या जागी लगेच सरकारकडं बोट दाखवतात आणि मोकळी होतात.

एक क्विंटल सोयाबीन गाळलं की साधारण १८ किलो तेल आणि ८० किलोंच्या वर पेंड निघते. म्हणजे भाव दोन पायांवर उभा असतो. तेलाचा पाय दिल्लीच्या आयात शुल्काला बांधलेला आहे, कारण देशाला लागणाऱ्या खाद्यतेलातलं निम्म्याहून जास्त बाहेरून येतं. पाम इंडोनेशिया-मलेशियातून, सोयातेल अर्जेंटिना-ब्राझीलमधून. पेंडेचा पाय कोंबड्यांच्या खाद्याला आणि निर्यातीला.

२०२१च्या पावसाळ्यात लातूरला सोयाबीन दहा हजारांच्या वर गेलं होतं. गावात फार कमी घरांत माल उरला होता. अण्णांनी सहा पोती राखली होती, त्यांचा किस्सा ते अजून सांगतात. पुढच्या काही महिन्यांत जे घडलं ते ओळीनं असं: ऑगस्टमध्ये केंद्रानं जनुकीय बदल केलेल्या, म्हणजे जीएम, सोयाबीनची १२ लाख टन पेंड आयात करायला परवानगी दिली. ऑक्टोबरमध्ये कच्च्या पाम, सोया आणि सूर्यफूल तेलावरचं मूळ आयात शुल्क शून्यावर आणलं. २० डिसेंबरला बाजारांवर देखरेख करणाऱ्या सेबीनं सोयाबीनसह सात शेतमालांचे वायदे, म्हणजे पुढच्या महिन्यांच्या भावाचे सौदे, बंद केले. ती बंदी वेळोवेळी मुदतवाढ घेत मार्च २०२६पर्यंत लांबवली गेली.

पहिल्या गोष्टीतली गंमत बघा. जीएम सोयाबीन पेरायला आपल्याकडं परवानगी नाही. परदेशातल्या शेतकऱ्यानं ते पेरलं, त्याची पेंड आमच्या कोंबड्यांनी खाल्ली, हे चाललं. औशाच्या शेतकऱ्यानं पेरलं तर गुन्हा. स्पर्धा करायची म्हणता आणि एका पैलवानाचा हात बांधून त्याला आखाड्यात उतरवता.

वायद्यांचं म्हणाल तर अण्णांनी आयुष्यात वायदा केलेला नाही, करणारही नाहीत. पण आडत्या बघायचा, शेतकरी उत्पादक कंपनीचा मॅनेजर बघायचा. जूनमध्ये पेरताना ऑक्टोबरचा भाव काय दिसतो याचा एक अंदाज गावात झिरपायचा. तो दिवा सरकारनं महागाईच्या नावाखाली विझवला. तेव्हापासून पेरणी अंधारात.

तरी २०२४च्या ऑक्टोबरचे ७४२ रुपये सगळे आयात शुल्कावर टाकता येत नाहीत. कारण त्याच सप्टेंबरमध्ये, १४ तारखेला, केंद्रानं कच्च्या तेलावरचं एकूण शुल्क ५.५ टक्क्यांवरून २७.५ टक्क्यांवर नेलं होतं. आयात तेल किलोला ८५ रुपये धरलं तर २२ टक्क्यांचा फरक १८ किलोंवर क्विंटलमागं ३३५ रुपयांच्या घरात जातो. तेवढा आधार मिळूनही भाव उठला नाही. जगात त्या वर्षी सोयाबीन मुबलक होतं. आणि पेंडेचा पाय लुळा पडला होता, त्याचं कारण पुन्हा एका सरकारी धोरणात सापडतं. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळायचं म्हणून मका आणि तांदळापासून इथेनॉल वाढलं. त्यातून उरणारा प्रथिनयुक्त चोथा, डीडीजीएस, पशुखाद्यात स्वस्तात येऊ लागला. खाद्यवाल्यानं सोयापेंड कमी केली. इथेनॉलनं मका पिकवणाऱ्याला भाव मिळवून दिला आणि सोयाबीनवाल्याच्या ढेपेवर पाय दिला.

माझं म्हणणं आयात शुल्क वाढवा असं नाही. शुल्क हाही करच आहे, आणि तो शेवटी तेल खाणारा भरतो. माझी तक्रार ते सारखं खालीवर होण्याची आहे. कच्च्या तेलावरचं मूळ शुल्क ऑक्टोबर २०२१ला शून्य, सप्टेंबर २०२४ला वीस, मे २०२५च्या शेवटी दहा. ही तिसरी तारीख तर पेरणीच्या तोंडावरची. कायमचं पाच टक्के असतं तर अण्णांनी कदाचित सोयाबीन कमी करून तूर वाढवली असती. कायमचं तीस असतं तर एखाद्यानं लातूरला नवी गिरणी टाकली असती. भाव कमी असेल तर माणूस सवय करून घेतो. भाव कुणाच्या तरी सहीवर अवलंबून असेल, तर तो दरवर्षी जुगार खेळतो.

अर्थसंकल्पात काय दिसतं

४ जून २०२४ला लोकसभेचे निकाल लागले. मराठवाड्यातल्या आठपैकी सात जागांवर सत्ताधारी हरले, एक छत्रपती संभाजीनगरची तेवढी मिळाली. कारणं अनेक होती, पण सोयाबीनचं नाव प्रत्येक चावडीवर होतं. २८ जूनला राज्याचा अतिरिक्त अर्थसंकल्प आला. त्यात हेक्टरी ५,०००ची मदत आली, साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना मोफत वीज आली आणि लाडकी बहीण आली, जिच्यासाठी वर्षाला ४६,००० कोटी लागतील असं सांगितलं गेलं.

हेक्टरी मदत २०२३च्या खरिपाची होती. म्हणजे ज्या पिकाचे पैसे, ते काढून, विकून, खर्च होऊन वर्ष होत आलं होतं. वाटप सुरू झालं सप्टेंबरच्या शेवटी. कापूस आणि सोयाबीन मिळून तरतूद ४,१९४ कोटींची. आधी ई-पीक पाहणीची, म्हणजे मोबाइलवरच्या पीक नोंदीची, अट, मग ती नसलेल्यांचं काय म्हणून ओरड, मग सवलत. अण्णांचे या कामात तीन दिवस गेले आणि माझा एक. त्या दिवसांची मजुरी मी उजव्या बाजूला धरलेली नाही.

त्याच अर्थसंकल्पात २०,०५१ कोटींची महसुली तूट दाखवली होती. पुढच्या वर्षी, मार्च २०२५मध्ये, ती ४५,८९१ कोटींवर गेली. महसुली तूट म्हणजे धरण किंवा रस्ता बांधायला काढलेलं कर्ज नव्हे. घरखर्चाला पैसे कमी पडले म्हणून काढलेलं कर्ज. लाडक्या बहिणीची तरतूद ३६,००० कोटींवर आणावी लागली आणि एक रुपयातला पीक विमाही त्याच साली गुंडाळला गेला. म्हणजे अण्णांना मिळालेल्या २९,५००मधला काही भाग उसना होता. फेडणार कोण, तर बारावीला असलेला आमचा पुतण्या.

पण मला खटकतं ते निराळंच. डावीकडची प्रत्येक रक्कम अर्थसंकल्पात आहे. तिला लेखाशीर्ष आहे, तिच्यावर विधानसभेत बोलता येतं, तिचा फलक लागतो. उजवीकडची सगळ्यात मोठी रक्कम, भावात गेलेली, कुठल्याच अर्थसंकल्पात नाही. दिल्लीच्या अधिसूचनेनं तेल स्वस्त होतं, तेव्हा लातूरच्या शेतकऱ्याकडून पैसे काढून घेतले जातात, पण त्याला कर म्हणत नाहीत. आमदारानं त्यावर मतदान केलेलं नसतं. आणि पैसे घेणारं सरकार दिल्लीचं, भरपाई देणारं मुंबईचं, त्यामुळं दोघांचे आकडे एका पानावर कधी येतच नाहीत. दोघंही देणारेच दिसतात.

शेतकरी संघटनेचे नेते शरद जोशी यालाच उणे सबसिडी म्हणायचे. “भीक नको, हवे घामाचे दाम” ही घोषणा मी लहानपणी भिंतीवर गेरूनं लिहिलेली वाचली. तेव्हा वाटायचं, जास्त भाव मागताहेत. आता कळतं, ते हिशेब मागत होते. आज तीच भिंत योजनांच्या फलकांनी भरलीय आणि विरोधकही त्याच भिंतीवर मोठा फलक लावायला निघतात. २०२४च्या प्रचारात एका बाजूनं सोयाबीनला सहा हजार म्हटलं, दुसऱ्या बाजूनं सात हजार. वायदे सुरू करा, साठ्यावरची बंधनं काढा, बियाणं मोकळं करा, असं कुणाच्या भाषणात मी ऐकलं नाही. त्याला खर्च काहीच नाही, बहुतेक म्हणूनच त्याची घोषणा करता येत नसावी.

दोन आक्षेप

पहिला शहरातला. तेल महाग झालं तर गरीब काय खाईल? हा प्रश्न खरा आहे, आणि आमच्या गावात ज्याला जमीन नाही त्याच्या तोंडून तो जास्त खरा वाटतो. शुल्क वाढल्यावर २०२४च्या दिवाळीला तेल किलोमागं वीस-पंचवीस रुपयांनी वर गेलंच होतं. आमच्या घरात महिन्याला तीन किलो लागतं. किलोला वीस धरले तरी वर्षाला ७२० रुपये. अण्णांच्या एका क्विंटलच्या तुटीपेक्षा कमी. मजुराच्या घराला हे ७२० जड आहेत, मान्य. मग ते त्याला रोख द्या, अर्थसंकल्पातून, सगळ्या करदात्यांच्या पैशातून, उघडपणे. शेजारच्या शेतकऱ्याच्या पट्टीतून गुपचूप काढून देऊ नका. गंमत म्हणजे २०२२च्या दिवाळीला राज्यानं शंभर रुपयांत जो आनंदाचा शिधा वाटला, त्यात रवा, डाळ, साखरेबरोबर एक लिटर पामतेल होतं. देशातलं सोयाबीनचं मोठं राज्य, नवं सोयाबीन आडतीवर पडलेलं, आणि सणाच्या पिशवीत पाम.

दुसरा आक्षेप वहिनींचा. तो मला अजून पचलेला नाही.

मी माझी रेघ समजावून सांगत होतो. हे १,५०० देण्याऐवजी भाव मोकळा सोडला असता तर घरात तेवढेच, कदाचित जास्त आले असते. अर्ज नको, कर्ज नको, उपकार नको. वहिनी भाकरी थापत होत्या. म्हणाल्या, “भावजी, तुमचं समदं बरोबर असंल. पण पट्टी त्यांच्या नावावर निघती. पंधराशे माझ्या नावावर येत्यात.”

आडत्याकडचे १,५७,७०० अण्णांच्या खात्यात गेले. त्यातून काय घ्यायचं, काय नाही, हे अण्णांनी ठरवलं. वाईट माणूस नाही, विचारून ठरवलं असेल. वहिनींनी मात्र त्या पाच हप्त्यांतून शिवणयंत्र दुरुस्त करून घेतलं आणि माहेरच्या लग्नाला स्वतःच्या पैशानं आहेर केला. सोयाबीनची खुरपणी त्यांनीच केली होती, गंजीवर ताडपत्री टाकायला रात्री त्याच धावल्या होत्या. दाम घामाचे म्हणायचे तर घाम दोघांचा होता.

बाजार मोकळा करा म्हणणाऱ्यांनी हे प्रकरण कधी ना कधी उघडायलाच हवं. शरद जोशींनी ते उघडलं होतं. शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालवली, बायकोच्या नावावर जमीन करा म्हणून गावोगाव सांगितलं, आणि पुष्कळ पुरुषांनी ती केलीही. त्याला सरकारचा एक रुपया लागला नव्हता.

२०२५च्या खरिपाला हमीभाव ५,३२८ झाला. अण्णांनी दोन एकर तूर वाढवली. सप्टेंबरच्या पावसानं ओढ्याकाठची सोयाबीन पाण्यात गेली, पंचनामे झाले, ऑक्टोबरमध्ये राज्यानं ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. ती मदत मला चुकीची वाटत नाही. पूर कुणाच्या अधिसूचनेनं येत नाही, आणि अशा वेळेसाठीच तर तिजोरीत काही राखून ठेवायचं असतं. तिजोरी आधीच उसनवारीवर असेल तर प्रत्येक पॅकेज पुढच्या हप्त्याशी भांडतं.

दिवाळीनंतर अण्णा पुन्हा तीच पिशवी घेऊन आले. सामायिक खातं आहे, माझी सही लागणार होती. वहिनी बरोबर होत्या, त्यांना बाजारातून सुईदोरा घ्यायचा होता. मी सही केली. कुठल्याच कागदावर त्यांची सही लागली नाही. सातबाऱ्यावर आम्हा दोघा भावांचीच नावं आहेत.